राजगढ रस्त्यावरचं घराट आणि छपराचं आवतण

शनिवारी पहाटे मोहालीतून गाडी काढली ती हौसेने नव्हे, भीतीपोटी. सोलनच्या पुढे, राजगढ रस्त्याखालच्या ओढ्यावर आमचं एक घराट आहे. घराट म्हणजे पाण्यावर फिरणारी जुनी पिठाची गिरणी. एकच दगडी खोली. हिमाचलात बाहेरच्याने जमीन घेणं सोपं नाही, म्हणून भाडेपट्ट्यावर घेतलंय. अशी स्वप्नं पाहणाऱ्यांनी दलालाआधी वकील गाठावा.

पंपांचे सुटे भाग विकत मोठा झालेला माणूस मी. वाटलं, दुरुस्तीही फोनवरून उरकू. मिस्त्री बलदेवजी व्हिडिओ पाठवायचे. छपराच्या कुजलेल्या तुळया बदलल्या आणि काम थांबलं. वर बसवायच्या स्लेटच्या पाट्या अंगणात, ताडपत्री वाऱ्याने फाटलेली, भिंती मातीत रचलेल्या. वरून पाणी मुरलं की खोली बसलीच. आणि सोमवारी पावसाचा इशारा! विचारलं की एकच उत्तर, "बस, हो जाएगा जी." हे वाक्य मीही गिऱ्हाइकांना ऐकवतो, त्यामुळे अर्थ पक्का ठाऊक.

पहाटे निघालात तर झिरकपूरची गर्दी टळते. परवाणूपासून चढ आणि टोल. फास्टॅग भरून ठेवा. धरमपूरला पराठे खा, दोघांचं तीनशेत भागतं. राजगढ रस्ता अरुंद. समोर बस आली की मानापमान सोडून गाडी मागे घ्या.

गावाच्या टपरीवर चहा घेत होतो. मला तिथे ओळखतं कोण? मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"घराट की छत खुली पड़ी है."

"बुलावा कहाँ आया? बाबूजी ने तो रेट भेजा है."

गवताचा भारा टेकवून बसलेली एक म्हातारी हसली, "रोटी भी मोबाइल से ही खिलाएँगे!"

ते बाबूजी म्हणजे मीच. पाटीमागे अमुक पैसे, असा दर मीच पाठवला होता. चांगला दर होता हो! बलदेवजींना गाठलं. तेव्हा कळलं, छप्पर चढवणं इथे मजुरीचं काम नाही. घरधन्याने दारोदार जाऊन बोलवायचं, गावाने हातोहात पाट्या चढवायच्या, मग सगळ्यांनी जेवायचं.

"तो बताया क्यों नहीं?"

"माँगा हुआ बुलावा क्या बुलावा होता है, जी?"

सोबत आलेली आमची सौ., सुनंदा, भडकलीच. "अहो, लेकीच्या लग्नाला काय दरपत्रक पाठवणार होतात? अक्षत घेऊन उंबरे चढावे लागतात!"

चढलो. पहिलाच उंबरा त्या म्हातारीचा निघाला.

"आ गए मोबाइल वाले बाबूजी!"

"आ गया, अम्मा. कल छत है. आप नहीं आईं तो चढ़ेगी नहीं."

"खाने में क्या है?"

"जो आप कहो."

"पहले बैठ, चाय पी."

प्रत्येक घरी चहा झाला. रात्री होमस्टेत, जेवणासह पंधराशे, तूप ओतलेला सिड्डू, म्हणजे इथली वाफवलेली भरली रोटी, समोर आला. पण पोटात जागा नव्हती आणि मनात धाकधूक. येतील का?

रविवारी उन्हं दरीत पोचण्याआधीच ओढ्यावर माणसं. हातावरून हात पाट्या वर जाऊ लागल्या. मीही रांगेत उभा राहिलो; "बाबूजी, पत्थर पकड़ो, फोन नहीं!" असे टोमणे खात. सुनंदाने राजमा-भात आणि आपला शिरा केला. तिकडे हलवा तांबूस भाजतात; अम्माने "ये हलवा तो गोरा रह गया" म्हणत दोनदा घेतला. संध्याकाळी शेवटची पाटी बसली, आणि कित्येक आठवड्यांनी माझा जीव भांड्यात पडला.

सोमवारी मोहालीत दुपारीच अंधारून आलं. डोंगरात तर धो धो. बलदेवजींचा व्हिडिओ आला. भिंती सुक्या, जमीन सुकी. कोपऱ्यात मात्र छतापर्यंत कापलेल्या गवताचे भारे.

फोन केला, "ये किसका है?"

"गाँव का, जी. बारिश थी तो सबने यहीं रख दिया. हटवा दूँ?"

हिवाळाभराचा जनावरांचा चारा. भिजला तर कुजणार. तो त्यांनी माझ्या छपराखाली आणून ठेवला होता.

"राहू दे," मी चक्क मराठीत म्हणालो. त्यांना कळलं.