चुन्याखालची नोटीस

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी फुकट दिली, तर घरी येऊन ती सोडून बघते. महाप्याच्या ऑफिसात माझ्या टेबलावरून कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय पुढे सरकत नाही, म्हणून सगळे माझी टिंगल करतात. आणि आयुष्यात जो एक कागद खरोखर वाचायला हवा होता, त्यावर मी स्वतःच्या हाताने चुना फासला.

उरणकडच्या आमच्या गावात भावाचं लग्न होतं. आमच्याकडे हळदीआधी घराची पुढची भिंत पांढरीशुभ्र झालीच पाहिजे. मांडवाचं नंतर बघतात. हे काम घरच्या लेकीसुनांचं. मी ब्रश घेऊन दाराशी आले, तर चौकटीजवळ एक कागद चिकटवलेला. खाली शिक्का होता. पण आमच्या भिंतीवर नळाच्या पाण्यापासून केबलवाल्यापर्यंत सगळ्यांचे कागद लागतात. तरी मी वाचायला वाकले, तोच आई आतून ओरडली, "कागद कसले वाचतेस गं? परवा हलद हाय!" मी ब्रश बुडवला आणि दोन हात मारले. भिंत फार छान दिसत होती, हेही कबूल करते.

लग्नानंतर दोन-अडीच महिन्यांनी मोजणीवाले टेप घेऊन घरामागच्या जमिनीत उतरले. रस्ता होणार म्हणाले. बाबांनी त्यांना सावलीत बसवलं, चहा दिला. न्हावा शेव्याकडची भातशेती बंदराला गेली तेव्हाही त्यांनी असाच चहा दिला होता आणि सांगितलं तिथे सह्या केल्या होत्या. आता उरलेत ते हे आठ गुंठे. बांधावर दोन शेवगे आहेत, बाकी जागेत बाबा वाल लावतात, भेंडी लावतात, आणि रोज सकाळी काही काम नसलं तरी एक फेरी मारून येतात.

मी म्हटलं, आम्हाला नोटीस कुठे दिली? मोजणीवाल्यांतल्या एकाने मोबाइलवर फोटो दाखवला. आमचं दार, आमची चौकट आणि तो कागद. आक्षेपाची मुदत संपली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा चहाचे रिकामे कप उचलून आत गेले. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मग मी त्या फोटोवाल्याकडून नकाशा मागून घेतला. रस्ता सरळ येतो, एका मोठ्या मोकळ्या प्लॉटच्या कंपाउंडपाशी वळतो आणि आमच्या वालात शिरतो. "हा प्लॉट कुणाचा?" मी विचारलं. "माहीत नाही," तो माणूस म्हणाला, माझा प्रश्न पुरता संपायच्या आत. त्या दिवसापासून माझं डोकं थाऱ्यावर नव्हतं. नोटीस नेमकी लग्नाच्या आठवड्यात का लागली? आमच्याकडे भिंती कधी रंगतात हे त्यांना कुणी सांगितलं? मी चुलत्यांवर संशय घेतला, आमच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या ट्रक ड्रायव्हरवरही घेतला. त्याची मला अजून लाज वाटते. तो बिचारा तर लग्नात मांडवात पाणी वाढत होता.

शेवटी मी आमदारांना पत्र लिहिलं. रडगाणं गायचं नाही असं ठरवलं होतं. कायदा करणारे तुम्ही, म्हणून तुम्हाला सांगते, असं लिहिलं. नोटीस भिंतीला नको, माणसाच्या हातात द्या आणि त्याची सही घ्या. जमीन कशासाठी घेता ते एकदाच सांगा आणि मग बदलू नका. त्या कामाला लागली नाही तर ज्याची त्याला परत करा. सार्वजनिक काम म्हणून घेतलेली जमीन उद्या कुणाच्या गोडाऊनखाली दिसली, तर त्याचा जाब कुणाला विचारायचा, तेही कायद्यात लिहा.

पत्र आणि बाबांना घेऊन आमदारांच्या कार्यालयात गेले. साहेबांनी अगत्याने बसवलं. म्हणाले, "तुमच्या बाजूला माझं येणंच झालं नाही हो कधी." पत्रावरून नजर फिरवली आणि ड्रॉवरमध्ये टाकत म्हणाले, "बघतो ना मी. ती दोन शेवग्यांची जागा ना तुमची?"

पत्रात शेवगा नव्हता. मीही बोलले नव्हते, बाबाही नाहीत.

"साहेब, पोच द्या," मी म्हटलं.

ते हसले. "अहो, आपल्या घरचाच विषय आहे. विश्वास नाही का?" खरं उत्तर दिलं असतं तर काम बिघडलं असतं. साहेबांनी बाबांकडे पाहिलं. समोर आलेला चहाचा कप बाबांनी हात न लावता बाजूला सारला.

"शिक्का मारा, साहेब," ते म्हणाले. "तारीख पन टाका."