मधली पानं

मुलुंडला आमच्या मित्राच्या घरी दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही पाच जण पोकर खेळायला बसायचो. एका ऑफिसात उमेदीची वर्षं घालवलेली माणसं, आता कुणी निवृत्त, कुणी त्याच वाटेवर. पैसे लावायचे नाहीत हा वहिनींचा हुकूम होता. प्रत्येकाला सारख्या चकत्या मिळत. त्या संपल्या की तो गडी बाहेर, पुन्हा घ्यायची सोय नाही. आणि जो पहिला बाहेर जाईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा.

खेळ आम्हाला त्या मित्रानेच शिकवला. फोनवर तासन्तास स्पर्धा बघून तो स्वतः शिकला होता आणि शिकवताना शाळामास्तरासारखा चिडायचा. राजा-गुलाम, एक्का-नव्वी अशा दोन पानांच्या हातांना तो मधली पानं म्हणायचा. बघायला आलेल्या स्थळासारखी: नाही म्हणायला कारण नाही, हो म्हणायला धीर होत नाही. बोली आपण आधी वाढवणार असू तर त्यांच्यावर खेळावं, समोरचा घाबरून पॅक करण्याची शक्यता असते. पण दुसऱ्याने आधीच वाढवली असेल तर त्याच्याकडे आपल्याहून बरं काहीतरी असणार, म्हणून तीच पानं मुकाट्याने टाकायची. मला हे कधी जमलं नाही. हातात राजा आला की मला वाटायचं, एवढं चांगलं पान टाकायचं कसं? आणि चहा बहुतेक रविवारी मीच करायचो.

मग त्याच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. रविवारी तो बसायचा, पण डायलिसिसच्या सुया टोचलेला डावा हात मांडीवर जपून ठेवलेला, चेहरा उतरलेला. आम्ही आपसात काही ठरवलं नव्हतं, आईशपथ. पण त्याने बोली वाढवली की आम्ही चौघेही पानं टाकायला लागलो. मधली तर टाकलीच, चांगलीही टाकली. एकदा मी दोन राण्या टाकल्या. मनाला सांगायला त्याचाच नियम तयार होता: समोरच्याने वाढवलं की टाकायचं. इतकी वर्षं न जमलेली शिस्त मला एकदम जमायला लागली होती.

पाच महिने असं चाललं. एका रविवारी त्याने वाढवलं, आम्ही टाकलं, आणि त्याने चकत्या ओढून घ्यायच्या ऐवजी हात पुढे करून माझी टाकलेली पानं उलटी केली. एक्का आणि राजा.

"पाच महिन्यांत मी एकदाही चहा केला नाही," तो म्हणाला. "एवढा चांगला मी खेळत नाही रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी पुटपुटायला लागलो तर म्हणाला, "पुढच्या रविवारी नीट खेळणार असाल तर या. नाहीतर घरी बसा."

पुढच्या रविवारी गेलो. तिसऱ्याच डावात त्याने सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या. माझ्याकडे राजा-गुलाम, चकत्या त्याच्याहून थोड्या जास्त. कुठल्याही हिशेबाने टाकायचा हात होता. पण टाकला तर त्याला काय वाटेल, हेच डोक्यात. मी खेळलो. त्याने एक्का-राजा दाखवला. टेबलावर सगळ्यांसाठी उघडायच्या पाच पानांत शेवटचं पान गुलाम निघालं आणि माझी जोडी लागली. तो बाहेर गेला.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. वहिनी मागोमाग जायला निघाल्या, त्याने हातानेच थांबवलं. चहाला बराच वेळ लागला. मधे एकदा भांडं पडल्याचा आवाज आला, तरी आम्ही उठलो नाही. पाच कपांचा ट्रे एका हाताने पेलेना, म्हणून एकेक कप घेऊन तो पाच खेपा घालत होता. माझा कप त्याने शेवटी आणला.

"हाही तू दयेनेच खेळलास," तो म्हणाला. "माझ्याकडे काय असेल याचा विचार केलासच नाहीस. मी आजारी आहे, एवढाच केलास."

मी खाली मान घालून चहा प्यायलो. हरवूनही त्याचा मान राखता येतो असं मी समजून चाललो होतो.

त्यानंतर तो चारच रविवार बसला. शेवटच्या रविवारी खेळात आम्ही दोघेच उरलो होतो. त्याने बोली चांगली घसघशीत वाढवली. माझ्याकडे एक्का-दश्शी. मी त्याच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं नाही, चकत्यांकडे पाहिलं. दुपारभर तो फुसक्या पानांवर एकदाही पुढे आला नव्हता. हरलो असतो तर माझं सगळंच गेलं असतं. मी पुष्कळ वेळ घेतला. वहिनी म्हणाल्या, अहो, झोप लागली की काय. शेवटी मी पानं टाकली, आणि ती खरोखर त्याच्याकडे काय असेल याचा विचार करून टाकली.

त्याने आपली पानं सरळ करून ठेवली. सत्ती आणि दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची. याहून भिकार हात या खेळात नाही.

मी उसळलोच. दुपारभर सोंग केलंस, आम्हाला शिस्त शिकवतोस आणि स्वतः कचऱ्यावर खेळतोस, असं बरंच काही बोललो, आवाज चढवून. वहिनी दचकल्या, बाकीचे मला गप्प करायला लागले. तो मात्र खुर्चीत मागे टेकून माझी बोलणी ऐकत होता आणि इतका खूश दिसत होता की मला आणखीच राग आला.