मीटरवाल्या मैनेची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. प्रताप नगरातल्या शेजाऱ्यांना नाही, सख्ख्या भावाला नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा लहानपणी तुम्ही 'मीटरवाली मैना' वाचली असेल — आणि वाचली असेल, तर खरं तुम्हाला कळायला हवं.

मैना ही माझ्या कॉमिकची नायिका. घरोघर विजेचे मीटर वाचत फिरणारी, आणि जाता जाता त्या घरांतल्या चोऱ्या-लबाड्या शोधून काढणारी. तीस वर्षं तिची पुस्तकं निघाली. मुखपृष्ठावर एकच नाव, माझं. लोक म्हणायचे, सर, काय रेघ आहे तुमची! एका फटकाऱ्यात मैना हसते, एका फटकाऱ्यात चिडते. मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, किती विनयी माणूस.

विनय कसला — रेघ माझी नव्हतीच.

कॉमिकचं पान कसं तयार होतं ते थोडं सांगावं लागेल. आधी पेन्सिलनं कच्चं काढतात. त्यावर ब्रशनं शाई चढते. शाई वाळली की पेन्सिल खोडरबरानं पुसून टाकतात, आणि छापून येते ती फक्त शाई. पेन्सिल माझी होती. शाई शालिनीची — माझ्या बायकोची. आणि माझी पेन्सिल तरी कसली? चेहऱ्याच्या जागी एक अंडं, त्यात एक आडवी रेघ, एक उभी. मैना हसतेय की रडतेय, ते मी समासात लिहून ठेवायचो. तिला हसवायची, रडवायची शालिनी. ती खापरखेड्याच्या वीज कॉलनीत वाढलेली. जयंतीचे बॅनर रंगवता रंगवता तिचा हात तयार झालेला. मैनेचं ते खांद्यावरची पिशवी सावरत भरभर चालणं तिनं कॉलनीतल्याच कुणा बाईचं उचललं होतं. आणि मी? आयत्या बिळावरचा नागोबा.

तिनं नाव कधी मागितलं नाही. मीही विषय काढला नाही. हा झाला तीस वर्षांचा भित्रेपणा. पण मला सांगायचंय ते याहून वाईट आहे — सांगतो, थांबा.

चार वर्षांपूर्वी एका कॉलेजात माझा सत्कार झाला. भिंतीवर मैनेची मूळ पानं लावली होती. शालिनी पहिल्या रांगेत बसली होती, वांगी रंगाची नवी साडी नेसून. शेवटी एक विद्यार्थिनी प्रश्न विचारायला उठली. ती पानं अगदी जवळून बघून आली होती. कुठे कुठे पुसायची राहून गेलेली पेन्सिल तिनं हेरली होती. पेन्सिलीचा हात वेगळा वाटतो आणि शाईचा वेगळा, म्हणाली. सर, शाई कोण करतं?

काय अवघड होतं त्यात? एक नाव घ्यायचं होतं, समोरच बसलेलं. मी म्हटलं, बायको थोडं काळं भरून देते. आमच्याकडे भाजीची फोडणी आणि चित्रातलं काळं, दोन्ही खाती तिच्याकडे! हॉल हसला. शालिनीही हसली, पदर तोंडाला लावून. मी ते हसणं बघितलं. आणि खोटं कशाला बोलू — मला सुटल्यासारखं वाटलं.

आमच्या धंद्यात जिथे पूर्ण काळं भरायचं असतं, तिथे पेन्सिलनं बारीक फुली मारतात. केस, सावली, अंधारी खोली. हे काम नवशिक्यालाही जमतं. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं पान तिच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळी ते परत आलं. जिथे जिथे फुली होती, तेवढ्याच जागा तिनं भरल्या होत्या — काठ इतके स्वच्छ, की बघत राहावं. बाकी सगळी पेन्सिल तशीच. मैनेला केस होते, चेहरा नव्हता.

"हे काय वं, शालू?"

"तुम्हीच सांगतलं ना सगळ्याईले, मी काळं भरते म्हणून? तेच करून राहिली."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडलो असतो, रडलो असतो, काहीतरी झालं असतं. चुकलो, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी पान उचललं आणि स्वतः ब्रश हातात घेतला.

मैना लाकडी झाली. वाचक हळहळले, सरांचा हात थकला म्हणाले. प्रकाशकाचा फोन आला तेव्हा मी मोतीबिंदूची थाप मारली. शालिनी शेजारीच भाजी निवडत बसली होती. दोन वर्षं ती फुल्या भरत राहिली. एकही पान नाकारलं नाही, एकाही चेहऱ्याला हात लावला नाही. मी रोज ठरवायचो, उद्या बोलू. आता आठवलं की काळीज तुटतं. तेव्हा मात्र रात्री छान झोप लागायची.

मग तिच्या किडन्या निकामी झाल्या. दवाखान्यात भरती करताना ती स्ट्रेचरवर होती, पूर्ण शुद्धीत, माझा हात धरून. खिडकीपलीकडचा कारकून फॉर्म भरत होता. नाव झालं, वय झालं. मग त्यानं मान वर न करता विचारलं, पेशंट काय काम करतात?

तिनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला कळलं — कळलं नाही असं मी म्हणणार नाही. तिथे हॉल नव्हता, सत्कार नव्हता, टाळ्या नव्हत्या. त्या माणसाला मी कोण हेही माहीत नव्हतं. खरं बोललो असतो तर माझं काय गेलं असतं? काहीच नाही. चित्रकार आहे — दोन शब्द.

"काही नाही जी," मी म्हटलं. "घरीच राहते."

त्यानं तसं लिहून घेतलं. शालिनीनं माझा हात सोडला आणि स्ट्रेचरची दांडी धरली. चौथ्या दिवशी ती गेली.