न विचारता दिलेली साक्ष

सासूबाई जाऊन आता दीड वर्ष झालं. त्या अकोल्यात एकट्या राहायच्या, आम्ही अमरावतीत. मी नांदगाव पेठेतल्या एका कारखान्यात शिवलेले शर्ट तपासते. टाका सुटला, कॉलर वाकडी झाली, की काढ बाजूला. एक शनिवार आड सकाळच्या गाडीने अकोल्याला जायचं, त्यांच्या गोळ्या डबीत भरायच्या, चादरी धुवायच्या आणि संध्याकाळी परतायचं, हा माझा नेम होता. नवऱ्याला आईशी काय बोलावं ते सुचत नसे, म्हणून जायचं मीच.

अशाच एका शनिवारी डाळ निवडता निवडता त्यांनी सांगितलं, की त्या एकट्या असताना दुपारी दोन वाजता देवाचा दूत येतो आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसतो.

आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. देवदूत आम्हाला नवे नाहीत. नाताळच्या नाटकासाठी पुठ्ठ्याचे पंख दरवर्षी मीच कापते. पण ते नाटकात, नाहीतर शास्त्रात. अकोल्याच्या उन्हाळ्यात, कूलर घरघरत असताना, कोणी खुर्चीवर येऊन बसावं हे काही मला पटेना.

"पंख आहेत का त्याला?" मी विचारलं.

"पंख कायले पायजेत? बसाले येते तो, उडाले नाही."

"मग बोलतो काय?"

"काईच नाही. बोलनं माह्यं, आयकनं त्याचं."

"आई, गोळ्या वेळेवर घेताय ना?"

त्या हसल्या. "झाली तुही तपासनी सुरू! मी काय शर्ट होय काय वं?"

मला हसू आलं नाही. म्हातारपणी डोक्यात काही बिघडलं असेल तर वेळेवर कळलेलं बरं, असा माझा हिशेब. पुढच्या खेपेला मी मोबाइल साखरेच्या डब्याआड उभा करून ठेवला आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. त्यांनी सगळं सांगितलं. त्याआधी एवढंच म्हणाल्या, "हे आपल्या दोघीतच. कोनाले सांगजो नको." मी हो म्हटलं. तो होकारही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे.

रक्तदाबाच्या निमित्ताने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रेकॉर्डिंग बाजूला जाऊन ऐकलं, सासूबाईंना तऱ्हेतऱ्हेचे प्रश्न विचारले आणि मला म्हणाले, "यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे." माझा जीव भांड्यात पडला. काम संपलं होतं. रेकॉर्डिंग तेव्हाच पुसून टाकायला हवं होतं.

आमच्या चर्चमध्ये वर्षातून एक रविवार बायकांचा असतो. त्या दिवशी उपासना भगिनी मंडळ चालवतं आणि उपदेशाआधी एक भगिनी उभी राहून साक्ष देते, म्हणजे देवाने तिच्या आयुष्यात काय केलं ते सांगते. मी मंडळाची चिटणीस. जिची साक्ष होती ती आदल्या संध्याकाळी तापाने आडवी झाली. कार्यक्रमपत्रिका छापून तयार, तिच्यात साक्षीला दहा मिनिटं. रिकामी जागा मला बघवत नाही.

सासूबाईंना फोन करून विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. रविवारी मी मोबाइल माइकला लावला आणि 'कोनाले सांगजो नको' हे वाक्य ओलांडून पुढून सुरू केला.

एरवी घड्याळाकडे बघणाऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आज आम्हालाच उपदेश झाला." चहाच्या वेळी सगळ्यांनी मला शाबासकी दिली आणि ती मी घेतली. कोणीतरी म्हणालं, ग्रुपवर टाका. तेही टाकलं.

पुढच्या खेपेला गाडी रखडली. पोचले तर अकोल्याच्या घराच्या पायरीवर चपलाच चपला. आत दहा-बारा बायका. चांदूर बाजारहून एक आई आपल्या लेकीला घेऊन आली होती. मुलगी चांगली कमावती, पुण्याला कॉम्प्युटरवर काम करणारी. पण काही महिन्यांपासून तिने बोलणंच टाकलं होतं. आईने तिला नेमकं त्या खुर्चीवर बसवलं होतं. सासूबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होत्या. दोन वाजून गेले होते.

सगळ्या गेल्यावर त्या म्हणाल्या, "इतक्या जनींले कोनं सांगतलं वं?"

"मंडळीतल्या कोणीतरी ऐकलं असेल कुठून," मी म्हटलं. शुद्ध खोटं, आणि तेही पोळ्या लाटता लाटता.

त्यांनी मान हलवली. पंधरा दिवसांनी गेले तेव्हा मी पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "चांदूरवालीनं मोबाइलवर आयकवलं मले. तुहा आवाज हाय त्याच्यात. देवाच्या दूताचे पंख तपासनारी दुसरी कोन असन?"

"चुकलं माझं, आई."

"चुकलं तं चुकलं. माफ हाय. पन तो येत नाही आता." दूधवाला येत नाही म्हणावं, तशा त्या हे म्हणाल्या. "लोकं आले, तो गेला."

मला निस्तरायची सवय आहे, म्हणून निस्तरायला लागले. दारावर पाटी लावली, 'आजारी आहेत, भेट नाही.' ग्रुपवर विनंती केली, की कृपया पुसून टाका. तोवर कोणीतरी त्या आवाजामागे ढग आणि बासरी घालून व्हिडिओ केला होता आणि तो कुठल्या कुठे गेला होता. शेवटी मी ठरवलं, की पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून सगळं कबूल करायचं. सासूबाईंना सांगितलं. वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"म्हंजे पुन्हा माह्यंच सांगनार?" त्या म्हणाल्या. "तुले हलकं वाटन, अन् माह्या दारी अजून दहा जनी येतीन."

"मग मी करू तरी काय?"

"काईच करू नको. जमन काय तुले?"

जमलं नाही. आठ-दहा महिने मी दर खेपेला काही ना काही करत राहिले. पडदे शिवले, भिंतींना रंग दिला, कूलरची वाळ्याची ताटी बदलली. बायका हळूहळू येईनाशा झाल्या. तो आला का, हे मी दर वेळी विचारायची आणि त्या दर वेळी मान हलवून नाही म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "इचारू नको वं. तू इचारतं, अन् मले पुन्हा मोजावं लागते किती दिस झाले." त्यानंतर मी विचारणं सोडलं.

शेवटच्या हिवाळ्यात एकदा दुपारी गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आले, तर त्यांच्या खोलीचं दार आतून लोटलेलं. आत त्यांचा आवाज. हळू, मधेच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. शब्द कळत नव्हते. कपडे हातात घेऊन मी तिथे उभी राहिले, मग स्वयंपाकघरात गेले आणि घड्या घातल्या. संध्याकाळी त्यांनी चहा मागितला. मी दिला. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. त्यानंतर महिन्याभरातच त्या गेल्या.

तो परत आला होता, की त्या एकट्याच बोलत होत्या, हे मला कधीच कळणार नाही. एवढं मात्र कळतं, की आता हे लिहून मी पुन्हा त्यांचंच सांगते आहे. फक्त या वेळी नको म्हणायला त्या नाहीत.