अँटेना उतरवण्याआधीची सकाळ

मला कॉलेजात शिकवलेले सर मुलीकडे परदेशी गेले, तेव्हा क्रांती चौकामागच्या त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आली. गच्चीवर पाण्याची टाकी आणि अँटेना, खालच्या खोलीत रेडिओ आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर. मी राहायचो त्या बजाजनगरातून हातातल्या सेटवर बोललो, की आवाज त्या खोलीत जायचा आणि तिथून इंटरनेटवरून सरांपर्यंत. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मीच पहिला, तेही सरांमुळे. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशाच्या, परवान्याची परीक्षाही सरांनीच मागं लागून द्यायला लावली.

ती दुष्काळाची वर्षं. टँकरसाठी रांगेत ड्रम लावला की मी सेट चालू करायचो. सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, पाणी आलं का? मग शहरातले आणखी दोघं-तिघं आपापल्या सेटवरून गप्पांत यायचे. एकाचं बोलणं संपलं की लगेच बटण दाबायचं नाही, थोडी जागा सोडायची, हा सरांचा नियम. कुणाला मध्ये यायचं असलं तर येऊ दे. कुणी घाई केली की ते विचारायचे, "एसटीत चढताय का?" फोनवर मात्र सर दोन वाक्यांत ठेवून द्यायचे. त्यांना सगळ्यांचं बोलणं ऐकायचं असायचं.

मग सरांच्या मुलीचा फोन आला. घर बिल्डरला दिलंय, अँटेना उतरवून ठेव, ताई म्हणाल्या. बाबांना इतक्यात सांगू नकोस, त्यांचा दिवस त्या गप्पांवरच निघतो. मी बरं म्हणालो. माझ्या खोलीवर अँटेना लावू का, म्हणून घरमालकाला विचारलं. नाय, पत्रे गळतील, म्हणाला. पाऊसच नव्हता. मी पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या सकाळी मी सरांच्या खोलीतूनच बोललो. पाणी आलं का? आलं, म्हणालो. वर गच्चीवर मजुरांचे घण पडत होते, बटण दाबलं की तो आवाजही सरांपर्यंत जात होता. मी बटण सोडल्यावर सर जरा वेळानं बोलले.

"टाकी फोडतायत ना रे?"

मी जागा सोडली. कुणीच मध्ये आलं नाही.

"व्हय सर."

"अँटेनाची ताणाची तार शेवटी सोड. नाहीतर खांब अंगावर येईल."

पुन्हा जागा. नेहमीपेक्षा जास्त थांबलो. मग रेडिओ बंद केला, कॉम्प्युटर बंद केला आणि पाना घेऊन वर गेलो. ताणाची तार शेवटी सोडली.