सहा पिंपं पाणी

नववीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी लेखन आणि साहस शिबिराला गेले. हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका गावात, शाळेच्या वर्गखोल्यांमध्ये दहा दिवसांचा मुक्काम. सकाळी दोरावरून कडा उतरायचा किंवा डोंगर चढायचा आणि दुपारी झाडाखाली बसून लिहायचं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तरी पंचवटीतल्या आमच्या गल्लीतली एकही मुलगी तोवर अशी एकटी कुठे राहायला गेली नव्हती. वडिलांचा भाजी बाजारात गाळा होता. ते म्हणाले, "लिहायला डोंगरात कशाला जायचं? घरात बसून लिहिता येत नाही का?"

"येतं," मी म्हटलं. "पण मला जायचंय."

आईने फॉर्मवर सही केली.

शिबिर घेणारे सर नाशिकच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. पहिल्याच दुपारी त्यांनी माझ्या वहीतले 'निसर्गाच्या कुशीत' हे शब्द खोडले. "कुशीत म्हणजे नक्की कुठे? तू काय पाहिलंस ते लिही," म्हणाले. असं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कड्यावर मी मध्येच अडकले, तेव्हा खाली उभे राहून सर बोलत राहिले, "दोर घट्ट आहे. घाई नको. आता डावा पाय टेकव." मी उतरले. हे आधी सांगते आहे, कारण पुढचं वाचून ते वाईट होते असं कुणाला वाटू नये.

आम्ही चाळीस जण होतो, त्यात मुली अकरा. घामाने आणि मातीने माखून परत आलो की शाळेच्या मागे पाण्याची सहा मोठी पिंपं काठोकाठ भरलेली असायची. आम्ही तांब्यावर तांबे ओतून घ्यायचो. मुलं तर एकमेकांवर पाणी उडवायची. ती पिंपं कोण भरतं, हे विचारावं असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही. मलाही नाही.

पाचव्या दिवशी स्वयंपाकात मदत करायची माझी पाळी होती, म्हणून उजाडायच्या आत उठले आणि पाणी आणणाऱ्या बैलगाडीबरोबर विहिरीवर गेले. गाडीत पिंपं होती आणि शिबिराची दोन माणसं पाणी शेंदत होती. बाजूला पंधरा-वीस बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या. शिबिराची पिंपं भरली की मग त्यांनी पाणी घ्यायचं, असं ठरलेलं होतं. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. तळाला थोडं पाणी होतं आणि बादली वर येताना गाळ घेऊन येत होती.

"हे पाणी तुम्ही कशाला वापरता?" मी जवळच्या बाईंना विचारलं. माझ्या आईच्या वयाच्या असतील.

त्या म्हणाल्या, "तुमी अंगावर ओतता ना, तेच आमी पितो."

मी परत येऊन मुलींना सांगितलं आणि आंघोळ बंद केली. पाच-सहा जणी माझ्याबरोबर राहिल्या. बाकीच्या म्हणाल्या, आपण पैसे भरून आलोय. मुलांनी नाक मुरडलं. सरांनी मला बोलावलं. "सरपंचांशी बोलून सगळं ठरलेलं आहे. तू लिहिण्याकडे लक्ष दे."

मी लक्ष दिलं. दोन दुपारींत चार पानं लिहिली. नवव्या दिवशी वही घेऊन विहिरीवरच्या त्या बाईंच्या घरी गेले, कारण त्यांच्याबद्दल लिहिलं होतं आणि त्यांना न विचारता ते कुणाला दाखवावंसं वाटेना. त्या अंगणात नागली पाखडत होत्या. मी वाचून दाखवत होते, 'बिचाऱ्या' या शब्दाशी त्यांचं सूप थांबलं.

"बिचाऱ्या कोण?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही. म्हणजे सगळ्याच. विहिरीवर बसलेल्या."

"आमी बिचाऱ्या नाय. तुमच्या सरला मी काय बोलले ते नाय लिवलं?"

मला माहीतच नव्हतं. मग त्यांनी सांगितलं आणि शेजारच्या बाईंनी दुजोरा दिला. शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी, आम्ही कड्यावर असताना, सर काही सामान न्यायला शाळेत परतले होते. तेव्हा या दोघी आणि आणखी तिघी शाळेच्या आवारात गेल्या. सरांना समोर उभं करून भांडल्या आणि एक भरलेलं पिंप त्यांच्या देखत आडवं केलं. सरांनी हात जोडले, आठ दिवसांचाच प्रश्न आहे म्हणाले. नंतर सरपंचाने बायकांनाच दम दिला.

"आमी गप बसलो असं लिवू नको," त्या म्हणाल्या.

मी तिथेच बसून 'बिचाऱ्या' खोडलं, दोन्ही ठिकाणचं. आणि भांडण लिहिलं.

समारोप नाशिकला एका सभागृहात होणार होता. पालक, प्रमुख पाहुणे, पाच निवडक लेखांचं वाचन. सरांनी माझी पानं दोनदा वाचली.

"यातलं सगळ्यात चांगलं हेच आहे. पण समारोपात नको. तू चढाईवर लिही, मुलींमध्ये वर पहिली तू पोचलीस."

"तुम्हीच म्हणालात, पाहिलेलं लिही."

"पिंप आडवं केलं ते तू पाहिलं नाहीस. तू कड्यावर होतीस."

हे खरं होतं. तरी मी म्हटलं, "तुम्ही तर होतात ना? मग सांगा, झालं की नाही?"

त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली. "झालं," म्हणाले. "पण हे वाचलंस तर पुढच्या वर्षी हे गाव मिळणार नाही आपल्याला."

"मग नको मिळायला."

त्यांनी यादीतून माझं नाव काढलं.

समारोपाला पाचही जणांचं वाचून झालं. सूर्योदय, धुकं, मैत्री. पाहुणे बोलायला उठणार, तेवढ्यात मी जागेवरून उठून दोन रांगांमधल्या वाटेत उभी राहिले. सर माइकवरून म्हणाले, "वेळ झाली आहे, खाली बस." मी बसले नाही. माइकशिवाय वाचायला लागले. मागून कुणीतरी "पुरे" म्हणालं. मी चारही पानं वाचली. सरांनी मला पुन्हा अडवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने आजही सांगते. टाळ्या वाजल्या नाहीत. पाहुणे निसर्गाच्या सान्निध्याबद्दल बोलले.

प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यात माझं नव्हतं. पोस्टाने पाठवू म्हणाले, ते कधी आलं नाही. पुढच्या वर्षीचा माझा फॉर्मही परत आला. शिबिर त्या वर्षी दिंडोरीकडे, एका द्राक्षबागायतदाराच्या शेतावर झालं, असं कळलं. त्या बाईंच्या विहिरीला त्यामुळे काही नवीन पाणी लागलं नसणार. पण तिथून रोज सहा पिंपं कुणी नेली नाहीत. मला विचाराल तर प्रमाणपत्रापेक्षा हे बरं. लोकांसमोर सरांचा अपमान केलास, असं पुढे पुष्कळांनी ऐकवलं. मी माफी मागितली नाही, आणि आज पुन्हा तिथे उभी राहिले तर पुन्हा वाचेन.

समारोपाला वडील आले होते. त्या संध्याकाळी ते स्कूटरवरून मला घरी घेऊन आले. घरात येऊन चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्या बाई सरांना नेमकं काय काय बोलल्या?"

"वाचलं की मी."

"तेवढंच?"

"नाही," मी म्हटलं. "त्यातल्या शिव्या मी वगळल्या होत्या."

"सांग."

आई ओट्यावरचं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. मी एकेक करून सगळ्या सांगितल्या.