ओवीची उत्तरं कोण देतं?

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी धुकट, दुपारी कडक ऊन, संध्याकाळी वारा पडलेला.

रोज चार ओळी लिहायची सवय असली की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गॅलरीत धूळ साचते तसे ते साचतात. एक दिवस कोपऱ्यात बघावं तर ढीग!

कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात शनिवारी दुपारी चार-पाच मुलं आणि त्यांचे आईबाप येतात. मुलं बोलण्यात, समजण्यात चलाख, पण वाचायला-लिहायला बसली की गाडी अडते. डिस्लेक्सिया म्हणतात त्याला. मी काही शिक्षिका नाही. भाच्यासाठी म्हणून वाचत, विचारत शिकले, आणि भाचा नोकरीला लागला तरी हे सुटलं नाही.

इथे येणारा प्रत्येक जण संशय घेऊन येतो. मुलावर, शाळेवर, डॉक्टरवर, आणि पहिल्या दिवशी तर माझ्यावरच. कळव्याची ओवी आली तेव्हा तिच्यामागे संशय घेणाऱ्यांची रांगच होती. रांगेत पहिला नंबर घरचाच.

* * *

ओवीचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना रोज पेपर वाचून दाखवायचं काम सातवीतल्या ओवीकडे आलं. पोरगी घडाघडा वाचायची. आबा शेजाऱ्यांना सांगत, शाळावाले उगाच बोंब मारतात, आमची ओवी बघा कशी वाचते.

चौथ्या दिवशी शेजारचे गृहस्थ येऊन बसले. ओवी वाचत होती आणि ते तिच्या खांद्यावरून बघत होते. ती सांगत होती त्यातली एकही बातमी त्या पानावर नव्हती. सकाळी टीव्हीवर ऐकलेलं सगळं ती पेपर समोर धरून सांगत होती.

आबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "पोरगी लबाड आहे. पण एक कबूल करतो. पेपरपेक्षा ताज्या बातम्या मिळत होत्या."

* * *

शाळेला वेगळाच संशय. वर्गात विचारलं की ओवीचा हात पहिला वर, आणि लिहायला सांगितलं की वही कोरी. मात्र घरचा अभ्यास पूर्ण! वर्गशिक्षिकेनं ओळखलं की अभ्यास आई करते. ओवीची आई वैशाली, बँकेत कॅशियर. तिला बोलावून चार शब्द ऐकवले.

वैशाली हुशार. दुसऱ्या दिवसापासून तिनं वहीत मुद्दाम चुका घालायला सुरुवात केली, अक्षर जरा वाकडं काढलं. आठवड्याभरात परत बोलावणं.

या वेळी वैशालीबरोबर मीही गेलेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुमच्या चुका फार शिस्तीच्या आहेत. एक शब्द चुकला की पानभर तसाच चुकतो. ओवी एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिते."

बाहेर आल्यावर वैशाली रडेल असं वाटलेलं. ती म्हणाली, "काकू, या बाईंनी माझ्या मुलीची वही इतकी नीट बघितलीय, हे मला माहीतच नव्हतं."

त्याच बाईंनी मग तपासणी करून घ्या म्हणून पाठवलं.

* * *

सरकारी हॉस्पिटलात खेपा घालून डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट मिळालं. ते असलं की परीक्षेत जास्त वेळ मिळतो. बातमी बिल्डिंगमध्ये कळायला अर्धा दिवस लागला. तळमजल्यावरच्या काकूंनी वैशालीला जिन्यात गाठलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ओळख कुणाची लावलीत? आमच्या पुतण्याला पण दहावीला जास्त वेळ मिळाला असता तर बरं झालं असतं."

वैशाली म्हणाली, ओळख नाही लागत, मुलाला बसवून सगळ्यांसमोर वाचायला लावतात.

"एवढंच? मग तो मुद्दाम अडखळेल की!"

"अडखळू दे. पण काकू, आमची तिथे अडखळू नये म्हणून मी देव पाण्यात घातलेले."

* * *

डोंबिवलीत एका हॉलमध्ये चष्म्याचं प्रात्यक्षिक होतं. रंगीत काचांचा चष्मा, घातला की मूल वाचायला लागतं म्हणे. टाय लावलेला माणूस, गोड बोलणं. त्यानं एक उतारा आधी स्वतः वाचून दाखवला, कुठे अडचण येते ते समजावलं, आणि मग कोण येतंय म्हणून विचारलं. ओवी उठली.

निळा चष्मा घातला आणि तिनं तो उतारा एका दमात वाचला. हॉलमध्ये टाळ्या. वैशालीचे डोळे भरले. तिचा नवरा मिलिंद पाकीट काढायला लागला.

आबा तेवढे मागच्या खुर्चीतून काठी टेकत पुढे आले. "साहेब, जरा पुढचं पान द्या."

पुढचं पान दिलं. ओवी पहिल्याच शब्दावर अडकली.

परतताना रिक्षात आबा तिला रागावले, सांगायचं नाही का गं? ओवी म्हणाली, "तुम्ही सगळे एवढे खूश होतात, मला कसंतरीच वाटलं."

* * *

ओवी नववीत लेखी परीक्षेत चार विषयांत गेलेली, शाळेनं कशीबशी वर ढकललेली. दहावीला लेखनिक मिळाला तरच तिचं काही खरं होतं. म्हणजे ती उत्तर सांगणार आणि दुसरं मूल जसंच्या तसं लिहिणार. हे मूल खालच्या इयत्तेतलं लागतं. मिलिंदनं वरच्या मजल्यावरची तन्वी हेरली. आठवीत, अक्षर सुरेख, वर्गात पहिली.

तन्वीची आई तयार होती, पण चहा संपला तरी उठेना. शेवटी तिनं विचारलंच, रोज शेजारी बसून हिलाही ते लागणार नाही ना?

वैशालीला राग आवरेना. आबांनी बशी खाली ठेवली. "लागणारं असतं तर लहानपणापासून एकत्र खेळताहेत दोघी. तुमच्या तन्वीचा पहिला नंबर आमच्या ओवीला कधीच लागला असता."

तन्वी दुसऱ्या दिवसापासून सरावाला यायला लागली.

* * *

आता घाटगे सर. शाळेचे सुपरवायझर, भूगोल शिकवतात, पंचवीस वर्षं एकही कॉपी सुटू न देणारा माणूस म्हणून ओळख. शाळेनं नाव बोर्डाकडे पाठवल्याशिवाय लेखनिक मिळत नाही, आणि अर्जावर सही सरांची.

त्यांनी तन्वीचं प्रगतिपुस्तक मागवलं आणि हसले. म्हणाले, पहिला नंबर काढणारी मुलगी शेजारी बसणार, मग उत्तरं नेमकी कोण देणार?

वैशालीनं सांगून बघितलं. मीही सांगितलं. सर म्हणाले, "सहामाहीला भूगोलाच्या पेपरात मी स्वतः लिहायला बसतो. ती बोलेल, मी लिहीन. मग ठरवू."

पेपर ग्रंथालयात झाला. खोलीत ओवी आणि सर दोघंच. दार सरांनी मुद्दाम उघडं ठेवायला लावलं, उद्या माझ्यावरच कुणी संशय घ्यायला नको म्हणाले. मी आणि वैशाली बाहेरच्या बाकावर. आत बोललेला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

आमच्या सरावात एक पद्धत आहे. प्रत्येक उत्तर लिहून झालं की लेखनिकानं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि मुलानं हो म्हटल्यावरच पुढे जायचं. ओवीनं सरांना सुरुवातीलाच तसं सांगितलं. सर हो म्हणाले.

निम्मा पेपर सुरळीत गेला. सर वाचत, ओवी हो म्हणे. मग ब्राझीलच्या राजधानीचा प्रश्न आला. ओवी म्हणाली, रिओ दि जानेरो. वैशालीनं माझा हात दाबला. पेन चाललेलं ऐकू आलं आणि सरांनी सवयीप्रमाणे वाचलं, "ब्राझीलची राजधानी ब्राझीलिया आहे."

ओवी हो म्हणेना.

"सर, मी हे नाही सांगितलं."

"काय नाही सांगितलं?"

"मी रिओ सांगितलं. तुम्ही दुसरंच लिहिलंत."

मग सर हळूच म्हणाले, "अगं, हात तसाच गेला. बरोबर आहे ते. राहू दे."

"नको सर. खोडा आणि माझं लिहा."

पेपर वर्गशिक्षिकेनं तपासला. राजधानीच्या प्रश्नाला शून्य. भूगोलात ओवीला चाळीसपैकी सत्तावीस. लेखनिकाच्या अर्जावर घाटगे सरांची सही गेल्या सोमवारी झाली. लेखनिक म्हणून नाव तन्वीचं आहे.